प्रॉक्समॉक्स ८ वरून ९ वर जायचंय, पण त्याआधी बॅकअपचं नक्की काय काय तपासू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे, ऑफिसात एका असेंबल केलेल्या पीसीवर दोन वर्षं प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टीम) चालवतोय. सगळं मीच बघतो, आयटीवाला माणूस वेगळा नाही. मशीन साधंच आहे, ३२ जीबी रॅम, २५६ जीबीच्या एसएसडीवर प्रॉक्समॉक्स आणि १ टीबीची दुसरी एसएसडी एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा देणारा पूल) करून व्हीएमसाठी ठेवलीय. त्यावर टॅलीसाठी एक विंडोजची व्हीएम, एक डेबियनची व्हीएम ज्यात आमचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे, फाईल शेअरिंगचा एक कंटेनर (व्हीएमसारखाच, पण हलका) आणि जाहिराती अडवणारं पाय-होल. रोज रात्री ११ वाजता यूएसबी हार्डडिस्कवर बॅकअपचा जॉब लावलेला आहे, हिरवी टिक दिसते, मी निवांत असतो.

८ चा सपोर्ट ऑगस्ट २०२६ ला संपतो म्हणून परवा रविवारी ९ चं काम हातात घेतलं. आधी ८.४ पूर्ण अपडेट केलं, मग ती तपासणीची स्क्रिप्ट असते ना, पीव्हीई८टू९, ती फुल पर्याय देऊन चालवली तर रूटवर ५ जीबीपेक्षा कमी जागा आहे म्हणून लाल ओळ आली. रूट पार्टिशन साठेक जीबीचं आहे, त्यात प्रॉक्समॉक्स आणि दोन-तीन आयएसओ सोडून काहीच नाही. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं ९५ टक्के भरलंय आणि डीयू लावून फोल्डर मोजले तर बेरीज १६-१७ जीबीच्या वर जात नाही. मग बाकीचं गेलं कुठे? लॉग साफ केले, जुने कर्नल काढले, जेमतेम दीड जीबी सुटलं. अपडेट तिथेच थांबवलंय. हे कशामुळे होतं आणि अपडेटच्या आधी अजून काय बघायला हवं ते जाणकारांनी सांगा, टॅलीचा डेटा आहे म्हणून धाकधूक वाटते.

निशाचर_ठाणे

थांबलात ते उत्तम केलंत. रूट भरलेलं असताना डिस्ट-अपग्रेड (सगळी सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेणारी कमांड) मध्येच अडकलं की अर्धी पॅकेजेस जुनी अर्धी नवी अशी अवस्था होते आणि ती निस्तरायला रात्र जाते.

तुमच्या वर्णनावरून मला एकच शंका येतेय. यूएसबी डिस्क एफस्टॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) लिहून एखाद्या फोल्डरवर माउंट करता ना? समजा एमएनटी मधलं यूएसबी-बॅकअप असं फोल्डर. आणि त्या ओळीत नोफेल लिहिलंय का? असेल तर मशीन चालू होताना डिस्क जोडलेली नसली तरी बूट बिनबोभाट होतं आणि तिथे नुसतं रिकामं फोल्डर राहतं. ते फोल्डर कुठे असतं, रूट डिस्कवरच. प्रॉक्समॉक्सला तुम्ही तो पत्ता डिरेक्टरी स्टोरेज म्हणून दिलाय, ते फोल्डर उघडतं आणि बॅकअप लिहून मोकळं होतं, त्यामुळे जॉब हिरवाच दिसणार. नंतर कधीतरी कोणी डिस्क परत जोडली आणि रीबूट झालं की डिस्क त्याच फोल्डरच्या डोक्यावर माउंट होते. खालच्या फायली झाकल्या जातात पण जागा खाऊन बसलेल्याच असतात. डीयूला त्या दिसत नाहीत, डीएफला मात्र मोजाव्याच लागतात. म्हणून तुमची बेरीज जुळत नाहीये.

बघायचं असं, डिस्क काढायची गरज नाही. एक नवीन रिकामं फोल्डर करा आणि त्यावर रूटला बाइंड माउंट करा (म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही दिसतं), माउंटला बाइंड पर्याय देऊन. त्या नव्या फोल्डरातून आत गेलात की झाकलेलं खालचं सगळं दिसेल. तिथे डंप नावाचं फोल्डर आहे का ते बघून सांगा. काही डिलीट करायच्या आधी तारखा लिहून घ्या.

पेठकर

तोवर एक विचारून घेतो, मी घरच्या मशीनवर अपडेटच्या आधी सगळ्या व्हीएमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती, जिथे परत जाता येतं) घेतो आणि पुढे जातो. ते पुरेसं नाही का?

निशाचर_ठाणे

@पेठकर, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच पूलमध्ये राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. आणि व्हीएमचा स्नॅपशॉट व्हीएमला मागे नेतो, होस्टला, म्हणजे खालच्या प्रॉक्समॉक्सच्या मशीनला, नाही. अपडेट आपण होस्टचं करतोय. व्हीएमच्या आत काही अपडेट करायच्या आधी जरूर घ्या, दहा मिनिटांत मागे येता येतं, पण काम झालं की काढून टाका. एलव्हीएम-थिनवर जुने स्नॅपशॉट तसेच पडून राहिले तर व्हीएममध्ये जसजसा डेटा बदलतो तसतसा पूल भरत जातो, आणि पूल पूर्ण भरला की व्हीएम लिहिता लिहिता आयओ एरर देऊन थांबतात. होस्टची रूट झेडएफएस फाईलसिस्टीमवर असेल तर रूटचा स्नॅपशॉट कामाचा आहे, अपडेट फसलं तर मागे जाता येतं. कृष्णाकाठ यांची एलव्हीएमवर आहे, त्यांना तो रस्ता नाही.

कृष्णाकाठ

सापडलं! अगदी तुम्ही म्हणालात तसंच. बाइंड माउंट करून आत गेलो तर डंपमध्ये टॅलीच्या व्हीएमच्या दोन फायली १७-१८ जीबीच्या, पोस्टग्रेसवाल्याची एक, कंटेनरच्या दोन, मिळून ४१ जीबी. तारखा बघून तर घाम फुटला. सगळ्या जूनमधल्या सलग तीन दिवसांच्या आहेत. त्याच आठवड्यात पावसात लाईट गेली होती, यूपीएस उतरला, मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि ऑफिसातल्या मुलाने टेबल पुसताना यूएसबीची वायर बहुतेक सैल केली असावी. चौथ्या दिवशी मी दुसऱ्या कामासाठी रीबूट केला तेव्हा डिस्क परत लागली. म्हणजे तीन दिवस माझा बॅकअप ज्या डिस्कचा घ्यायचा तिच्याच शेजारी पडत होता आणि मला पत्ता नाही. त्या तीन दिवसांत ती एसएसडी गेली असती तर मशीन आणि बॅकअप दोन्ही गेलं असतं.

फायली काढल्या, रूटवर आता ४३ जीबी मोकळं आहे. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? माणसावर अवलंबून ठेवायचं नाहीये.

निशाचर_ठाणे

स्टोरेज डॉट सीएफजी उघडा, इटीसी पीव्हीईमध्ये असते. तुमच्या त्या डिरेक्टरी स्टोरेजच्या खाली इज-माउंटपॉइंट नावाचा पर्याय एक ओळ वाढवून १ करा, दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर येतो. मग त्या फोल्डरवर खरोखर डिस्क माउंट झालेली नसेल तर प्रॉक्समॉक्स ते स्टोरेजच बंद धरतं आणि जॉब लाल होतो. वेबपेजवरून हा पर्याय दिसत नाही म्हणून बहुतेकांना माहीतच नसतो. आणि नोटिफिकेशन लावा, जॉब फेल झाला की मेल आला पाहिजे, हिरव्या टिकेची रोज वाट बघत कोणी बसत नाही.

एफस्टॅबमध्ये डिस्क यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने) लिहिलीय ना? एसडीबी-एसडीसी असं लिहिलं असेल तर बदला, डिस्कचा क्रम बदलला की भलतीच डिस्क माउंट होते.

मांडवी

कृष्णाकाठ दादा, तुमचा कंटेनर आहे ना फाईल शेअरिंगचा, त्याचा डेटा नक्की कुठे आहे ते आज बघाच. मी म्हापशाहून लिहितेय, घरी इम्मिच चालवते, फोटोंसाठी. कंटेनरची रूट डिस्क १६ जीबी आणि फोटोंसाठी वेगळा माउंट पॉइंट ५०० जीबीचा. आठ महिने बॅकअप घेत होते, रोज हिरवी टिक. मग डिस्क बदलायची म्हणून रिस्टोर केलं तर इम्मिच उघडलं, लॉगिन झालं, अल्बमची नावं दिसली आणि फोटोंच्या जागी सगळे राखाडी चौकोन. माझ्या बाबांचे शेवटच्या वर्षाचे फोटो त्यात होते. जुनी डिस्क अजून जिवंत होती म्हणून सगळं परत मिळालं, पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

कारण असं की कंटेनरला जो जादा माउंट पॉइंट जोडतो त्याच्या खिडकीत बॅकअपची एक चौकट असते आणि ती आपण होऊन टिक केलेली नसते. व्हीएमच्या डिस्कचं उलट आहे, तिथे आपण बंद केल्याशिवाय डिस्क बॅकअपमध्ये येते. आणि होस्टवरचं फोल्डर कंटेनरला थेट दाखवलं असेल, बाइंड माउंट, तर ते टिक करूनही बॅकअपमध्ये येत नाही, त्याचं वेगळं बघावं लागतं. बॅकअपच्या लॉगमध्ये तशी ओळ स्पष्ट लिहिलेली असते की अमुक माउंट पॉइंट वगळला. आठ महिने रोज ती ओळ छापली जात होती आणि मी लॉग एकदाही उघडला नव्हता. तुम्ही आज एकदा उघडा.

कृष्णाकाठ

ताई, मनापासून आभार. बघितलं. ३०० जीबीचा माउंट पॉइंट आहे, चौकट रिकामी. गिऱ्हाइकांच्या छपाईच्या सगळ्या फायली, लग्नपत्रिकांपासून साखर कारखान्याच्या अहवालांपर्यंत, त्यातच आहेत. टिक केली, आता मोठी डिस्क घेतो. एवढ्या एका प्रतिसादासाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

खडकवासला

चर्चा चांगली चाललीय, एक मोठी गोष्ट राहतेय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा रात्रीचा जॉब व्हीएम आणि कंटेनरचा बॅकअप घेतो. होस्टचा घेत नाही. व्हीएमची कॉन्फिग त्या फाईलमध्ये बरोबर येते, ते ठीक, पण नेटवर्कचे ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारे), स्टोरेजच्या व्याख्या, बॅकअपचे जॉब, युजर आणि परवानग्या, होस्टच्या फायरवॉलचे नियम, पासथ्रू (एखादं कार्ड थेट व्हीएमला देणं) केला असेल तर ग्रब आणि मॉडप्रोबमधल्या ओळी, यातलं काहीही येत नाही. नव्याने इन्स्टॉल करायला पंधरा मिनिटं लागतात, पण दोन वर्षांपूर्वी आपण काय काय कशासाठी केलं होतं ते आठवण्यात दोन दिवस जातात.

आता इटीसी पीव्हीईबद्दल. ते फोल्डर दिसतं साधं, पण डिस्कवर ते फोल्डर म्हणून नसतंच. पीव्हीई-क्लस्टर सर्व्हिस चालू असते तोवर ते हजर असतं, आणि खरा माल व्हार-लिब-पीव्हीई-क्लस्टरमधल्या कॉन्फिग डॉट डीबी या एका एसक्यूलाइटच्या फाईलमध्ये असतो. म्हणून मेलेल्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि इटीसी पीव्हीई उघडलं तर ते रिकामं दिसतं, लोक तिथे हाय खातात. तेव्हा ती डीबी फाईल शोधायची, तिच्यात १००, १०१ सगळ्या व्हीएमच्या कॉन्फिगचा मजकूर असतो. याचाच दुसरा परिणाम असा की प्रॉक्समॉक्स बॅकअपच्या क्लायंटने कोणी इटीसीचा बॅकअप घेत असेल तर तो वेगळ्या माउंटमध्ये आपण होऊन शिरत नाही, आणि इटीसी पीव्हीई हे वेगळं माउंट आहे. म्हणजे इटीसी आलं आणि त्यातलं नेमकं पीव्हीई रिकामं आलं. ते वेगळं सांगावं लागतं.

मी स्वतः काय करतो, तर आठवड्यातून एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) इटीसी पीव्हीई, नेटवर्क इंटरफेसेस, होस्ट्स, एफस्टॅब, ग्रबची डिफॉल्ट फाईल, मॉडप्रोब डॉट डी आणि रूटचं होम फोल्डर यांचा एक टार (सगळं एकत्र बांधलेली फाईल) बनवतो. काही एमबीचा होतो. तो दुसऱ्या मशीनवर जातो आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर. त्यात खासगी किल्ल्या आणि पासवर्डही येतात तेव्हा तो कुठेही उघडा टाकू नका.

किल्लीवरून आठवलं. पीबीएसवर (प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर) एन्क्रिप्शन लावून बॅकअप घेत असाल तर त्याची किल्ली होस्टवरच, इटीसी पीव्हीईमधल्या प्रिव्ह फोल्डरात राहते. माझ्या ओळखीतल्या एका क्लिनिकमध्ये होस्टची डिस्क गेली, बॅकअप सर्व्हर ठणठणीत, दीड वर्षाचे बॅकअप एकही खराब नाही, आणि किल्ली गेलेल्या डिस्कबरोबर गेली. त्या बॅकअपचं कोणीही काहीही करू शकत नाही, बनवणारेसुद्धा नाहीत, एन्क्रिप्शनचा अर्थच तो. किल्ली तयार होते तेव्हा कागदावर छापायचा पर्याय असतो, तो कागद छापून कपाटात ठेवा. छापखाना तर तुमचा घरचाच आहे.

नवशिक्या_अमरावती

मी कॉलेजच्या लॅबसाठी सेटअप करतोय, व्हीएमवेअरवरून आलो. ब्रॉडकॉमने घेतल्यावर २०२४ मध्ये फुकटची ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची अशीच सिस्टीम) बंद केली तेव्हाच सरांनी प्रॉक्समॉक्सचं ठरवलं होतं, पुढच्या वर्षी ती परत आली तरी आम्ही बदललं नाही. दोन शंका आहेत. एक म्हणजे पॅकेजेस अपडेट करताना एपीटी अपग्रेड आणि डिस्ट-अपग्रेड यात एवढा फरक का करतात? दुसरं म्हणजे आमचा पीबीएस त्याच होस्टवर एक व्हीएम म्हणून टाकलाय, चालेल ना?

निशाचर_ठाणे

पहिलं, एखाद्या अपडेटसाठी जुनं पॅकेज काढावं लागणार असेल तर साधं अपग्रेड ते अपडेट मागेच ठेवतं. प्रॉक्समॉक्सच्या अपडेटमध्ये अशी अदलाबदल कायम असते, म्हणून साध्या अपग्रेडने काही भाग पुढे जातात काही मागे राहतात. नेहमी डिस्ट-अपग्रेड, किंवा फुल-अपग्रेड म्हणा, तेच आहे. वेबपेजवरचं अपग्रेडचं बटणही तेच करतं.

दुसरं, चालेल पण एकटा तोच असेल तर नाही. होस्ट मेला की पीबीएसही मेला, आणि सगळे बॅकअप एका अशा व्हीएमच्या आत ज्या व्हीएमला उघडायला होस्ट लागतो. लॅबमध्ये एखादा जुना डेस्कटॉप असेलच, ४ जीबी रॅम टाका, पीबीएस थेट त्यावर इन्स्टॉल करा. बदललेले तुकडेच पाठवतो त्यामुळे पहिला बॅकअप सोडला तर रोजचा काही मिनिटांत होतो. एक लक्षात ठेवा, व्हीएम बंद करून चालू केली की कुठले ब्लॉक बदलले याची नोंद पुसली जाते, मग पुढच्या बॅकअपला पूर्ण डिस्क वाचावी लागते, वेळ जास्त लागला म्हणून घाबरू नका, तुकडे तेच असतील तर जागा वाढत नाही. आणि प्रून (जुने बॅकअप छाटणं) केल्यावर जागा लगेच सुटत नाही म्हणून लोक विचारतात, प्रून फक्त यादीतून नाव काढतो, जागा गार्बेज कलेक्शन सोडतं, तेही चोवीस तासांहून जुने झालेले तुकडेच. बॅकअप शाबूत आहेत का ते तपासणारा व्हेरिफायचा जॉब पण लावा.

पेठकर

गुरुवारी करू नका कृपया. आमच्याकडे पुण्यात गुरुवार म्हणजे लाईट जायचा वार, मी एकदा दुपारी दोनला कर्नल अपडेट लावला आणि सव्वादोनला लाईट गेली. तुमच्याकडे कुठला वार आहे तो टाळा.

कृष्णाकाठ

सोमवार. येत्या शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर करायचं ठरवलंय. कोणी प्रत्यक्ष अपडेटचा क्रम आपल्या शब्दांत सांगेल का, अधिकृत पान वाचलंय पण करून बघितलेल्या माणसाकडून ऐकायचंय.

निशाचर_ठाणे

मी तीन मशीन केली, दोन ऑफिसची एक घरचं. जे जे अडलं तेच सांगतो.

सुरुवात मॉनिटर आणि कीबोर्ड जोडण्यापासून. वेबपेजमधल्या शेलमधून अपडेट करू नका, अपडेट होताना वेबपेज चालवणारी सर्व्हिसच रीस्टार्ट होते आणि तुमचं शेल मध्येच तुटतं. एसएसएचने करणार असाल तर टीमक्सच्या आत करा, म्हणजे लॅपटॉप झोपला तरी काम चालू राहतं.

मग ताजा बॅकअप. टॅलीच्या व्हीएममध्ये टॅलीचा स्वतःचा बॅकअपही आतून घ्या, पोस्टग्रेसचा पीजी-डम्प घ्या. बाहेरून घेतलेल्या स्नॅपशॉट मोडच्या बॅकअपला आतला गेस्ट एजंट (व्हीएममध्ये टाकायचं छोटं सॉफ्टवेअर) मदत करतो, तो बॅकअपच्या क्षणी फाईलसिस्टीम गोठवतो. विंडोजमध्ये तो व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओमधून टाकावा लागतो आणि व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये चालूही करावा लागतो, बरेच जण दुसरं विसरतात. अपडेटपुरता मी म्हणेन की व्हीएम बंद करून स्टॉप मोडनेच घ्या, कुठलीच शंका नको.

पीव्हीई८टू९ परत चालवा, लाल ओळ एकही राहता कामा नये. पिवळ्या वाचून समजून घ्या. सिस्टमडी-बूट नावाचं पॅकेज काढा असं बऱ्याच मशीनवर सांगते, सांगितलं तर काढा, नाही काढलं तर पुढे बूटची पॅकेजेस अडकतात. ग्लस्टरएफएस कोणी वापरत असेल तर ९ मध्ये तो सपोर्ट नाही, आधी डेटा हलवा.

आता रेपो, म्हणजे पॅकेजेस जिथून येतात ते पत्ते. बुकवर्मच्या (जुनं डेबियन १२) जागी सगळीकडे ट्रिक्सी (नवं डेबियन १३), मुख्य फाईलमध्ये आणि सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी या फोल्डरातल्या प्रत्येक फाईलमध्ये. सबस्क्रिप्शन नसेल तर एंटरप्राइझ रेपो बंद करून नो-सबस्क्रिप्शन लावा, नाहीतर एपीटी अपडेट ४०१ एरर देतं. इथे सगळ्यात महत्त्वाचं. डेबियनचे रेपो ट्रिक्सीवर गेले आणि प्रॉक्समॉक्सचा रेपो चुकला तर एपीटीला वाटतं प्रॉक्समॉक्स-व्हीई हे मुख्य पॅकेज काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नशिबाने त्यांनी एक अडसर ठेवलाय, मोठी सूचना येऊन काम थांबतं आणि खरंच काढायचं असेल तर अमुक नावाची फाईल तयार करा असं लिहून येतं. ती फाईल तयार करू नका! घाईत असलेला माणूस स्क्रीनवर लिहिलंय म्हणून करून बसतो. थांबा, रेपोची फाईल अक्षर अक्षर तपासा, चूक तिथेच असते. एंटर दाबायच्या आधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजची यादी रोजच्या वर्तमानपत्रासारखी वाचा.

मध्ये मध्ये विचारलं जातं की ही कॉन्फिग फाईल तुमची ठेवू की नवी टाकू. डी दाबलं की फरक दिसतो. इश्यू फाईल जुनीच ठेवा, एलव्हीएमची नवी घ्या, ग्रबची डिफॉल्ट फाईल तुम्ही बदललेली असेल तर जुनी ठेवा.

एसएसडीवर दहा-पंधरा मिनिटं, जुन्या हार्डडिस्कवर तास लागू शकतो. संपलं की पुन्हा स्क्रिप्ट, मग रीबूट, मग ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर, नाहीतर जुनं पान दिसून काहीतरी बिघडलंय असं वाटतं. नवा कर्नल चालला नाही तर बूट मेनूमध्ये जुना असतोच, आणि प्रॉक्समॉक्स-बूट-टूलने तो पिन करून ठेवता येतो.

खडकवासला

यात एक जोडतो. आत्ता, जुन्यावर असताना, नेटवर्क कार्डचं नाव आणि मॅक अ‍ॅड्रेस कागदावर लिहून ठेवा. नव्या कर्नलने कधीकधी कार्डाचं नाव बदलतं, ब्रिजच्या फाईलमध्ये जुनं नाव राहतं आणि मशीन नेटवर्कवरून गायब होतं. मशीन जिवंत असतं फक्त दिसत नाही.

कृष्णाकाठ

झालं! शनिवारी रात्री साडेआठला सुरू केलं, पावणेदहाला ९ वर होतो. पण सरळ नाही झालं म्हणून सांगतो, पुढच्याला उपयोग होईल.

अपडेट स्वतः अठरा मिनिटांत झालं, एकाही लाल ओळीशिवाय. रीबूट केला आणि लॅपटॉपवर पान उघडेना. पिंग नाही. पाच मिनिटं थांबलो, नाही. निशाचर दादांनी मॉनिटर जोडायला सांगितला होता म्हणून तो जोडलेला होता, स्क्रीनवर लॉगिन शांतपणे येऊन थांबलेलं. आत गेलो, आयपी ए लावलं तर कार्डाचं नाव ईएनपी३एस० होतं ते ईएनपी४एस० झालेलं. खडकवासला सरांनी सांगून लिहून घेतलेला मॅक चिठ्ठीवरून जुळवला, तोच. इंटरफेसेस फाईलमध्ये ब्रिज-पोर्ट्सच्या ओळीत आणि वरच्या ओळीत ३ चा ४ केला, आयएफरीलोड ए दिलं, आणि लॅपटॉपवरचं पिंग सुरू झालं. ती चिठ्ठी नसती तर दोन पोर्टपैकी कुठलं कार्ड कुठलं यातच रात्र गेली असती.

खडकवासला

अभिनंदन! आता ते नाव कायमचं बांधून टाका, ९ मध्ये त्यासाठी पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग नावाचं टूल आलंय, मॅकवरून निक० असं नाव देतं. पुढच्या कर्नलला हाच प्रसंग येणार नाही. आणि रिस्टोर करून बघितल्याशिवाय हा धागा सोडू नका. दुसऱ्या मशीनवर.

मांडवी

हो दादा, ते कराच. रिस्टोर करताना व्हीएम चालू करायच्या आधी नेटवर्क कार्डावर डिसकनेक्टची टिक करा, नाहीतर एकाच आयपीच्या दोन टॅली ऑफिसात उभ्या राहतील.

कृष्णाकाठ

तीन दिवसांनी येतोय. बुधवारी संध्याकाळी घरचा जुना डेस्कटॉप ऑफिसात आणला, ८ जीबी रॅमचा, त्यावर कोरं प्रॉक्समॉक्स ९ टाकलं, यूएसबी डिस्क जोडली, डिरेक्टरी स्टोरेज म्हणून दाखवली, बॅकअपची यादी आली. टॅलीची व्हीएम रिस्टोर करायला पाऊण तास लागला, जुनं यूएसबी पोर्ट आहे. रिस्टोरच्या खिडकीत स्टोरेज निवडावं लागलं कारण माझ्या पूलचं नाव तिथे नव्हतं.

मग स्टार्ट दाबलं तर एरर. व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये दोन वर्षांपूर्वीची व्हर्टआयओची आयएसओ अडकवलेली होती आणि ती आयएसओ या मशीनवर नाही, म्हणून चालूच होईना. सीडी काढली. परत एरर, व्हीएमला १२ जीबी रॅम दिलेली आणि मशीनमध्ये ८. ती ५ वर आणली. मांडवी ताईंची डिसकनेक्टची टिक आधीच केली होती. तिसऱ्यांदा दाबलं आणि विंडोजचं निळं चक्र फिरायला लागलं.

आमच्या हिशोबाच्या काकूंना मुद्दाम थांबवून घेतलं होतं. त्यांनी टॅली उघडली, डे बुक उघडलं आणि म्हणाल्या, हे बघ, काल सहा वाजता मी टाकलेलं कागदवाल्याचं बिल इथे आहे. मुख्य मशीनवरच्या व्हीएममधून आता आयएसओ काढून टाकलीय. कंटेनरचं रिस्टोर येत्या रविवारी, ४ टीबीची डिस्क उद्या येतेय.